१,०९४ डॉलरचं कमिशन: दफनभूमीच्या विक्रीतलं एक प्रकरण

दफनभूमीतल्या जागा विकण्याचं काम मी चौदा महिने केलं. अमेरिकेत, टेक्सासमधल्या डॅलसजवळच्या एका उपनगरात, २०१८ च्या जानेवारीपासून पुढे. त्याआधी पुण्यात अकरा वर्षं एलआयसीची एजंट होते, त्यामुळे समोरच्या माणसाला त्याच्याच मरणाबद्दल बोलतं करणं मला नवीन नव्हतं. त्या चौदा महिन्यांतल्या एकाच कराराबद्दल इथे लिहिते आहे. करार कायदेशीर होता. गिऱ्हाइकाने वाचून सही केली होती. मी एकही खोटं वाक्य बोलले नव्हते. तरी तो करार चुकीचा झाला, आणि का झाला ते पगाराच्या पद्धतीत शिरल्याशिवाय कळत नाही. कंपनीचं नाव देत नाही आणि त्या नवराबायकोची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आधी धंदा थोडा समजून घ्यायला हवा, कारण आपल्याकडे असं काही नाही. पुण्यात माझ्या वडिलांना वैकुंठात नेलं तेव्हा महापालिकेची पावती, गुरुजी आणि शेजारचे चार लोक एवढ्यात सगळं उरकलं. मुंबईत तर महापालिका स्मशानात लाकूडही विनामूल्य देते. तिथे विक्रेता कुठून येणार? अमेरिकेत अंत्यविधी ही खाजगी सेवा आहे. मृतदेह नेणं, तो टिकवण्याची प्रक्रिया, दर्शनासाठी ठेवणं, शवपेटी हे सगळं फ्युनरल होमकडून घ्यायचं. जमीन, ती खणणं आणि नावाची शिळा हे दफनभूमीकडून. आमच्याकडे एकाच आवारात दोन्ही होतं. तिथल्या अंत्यविधी व्यावसायिकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या २०२३ च्या पाहणीत दर्शन आणि दफनासह विधीचा मधला खर्च ८,३०० डॉलर निघाला, आणि त्यात जागा, व्हॉल्ट (शवपेटीभोवतीची काँक्रीटची पेटी) आणि शिळा धरलेलीच नाही.

या धंद्यात दोनच वेळा विक्री होते. माणूस गेल्यावर कुटुंब येतं, ते अ‍ॅट-नीड. माणूस धडधाकट असताना आपण त्याच्या दारी जायचं, ते प्री-नीड. आगाऊ विक्रीची ही कल्पना जुनी आहे. ह्यूबर्ट ईटन हे १९१२ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या ग्लेंडेलमधल्या फॉरेस्ट लॉन दफनभूमीत आले ते आगाऊ जागा विकण्याच्याच कामासाठी, आणि पुढे १९१७ पासून तिचे व्यवस्थापक झाले. उभ्या शिळांऐवजी हिरवळीत सपाट बसवलेल्या कांस्यपट्ट्या आणि ‘मेमोरियल पार्क’ हे नाव त्यांच्यामुळे देशभर पसरलं. आमची दफनभूमीही त्याच धर्तीची होती. लांबून पाहिलं तर बाग वाटावी आणि गवत कापायचं यंत्र न अडखळता सरळ फिरावं अशी. आता मात्र अमेरिकेत दहातले सहा जण दहन निवडतात. त्यांच्या घरच्यांना फारशी जमीन लागत नाही, व्हॉल्ट लागत नाही. त्यामुळे ज्या पिढीला अजून दफनच हवंय, त्या सत्तरीच्या पुढच्या लोकांकडे आमच्यासारख्यांना घाईने पाठवलं जायचं.

प्री-नीड वाईट असतं असं मात्र मी म्हणणार नाही. जोडीदाराला नर्सिंग होममध्ये, म्हणजे कायमच्या शुश्रूषेच्या निवासात, ठेवायची वेळ आली आणि मेडिकेडसाठी, म्हणजे कमी ऐपतीच्या लोकांना मिळणाऱ्या सरकारी आरोग्य मदतीसाठी, शिल्लक मोजली जाऊ लागली, की मागे न घेता येणाऱ्या अंत्यविधी करारात ठेवलेले पैसे त्या मोजणीत सहसा धरत नाहीत. असे दोन करार मी केले आणि ते केल्याचं मला आजही समाधान आहे. गेलेल्या माणसाच्या तीन मुलांना आमच्या ऑफिसात शवपेटीच्या रंगावरून भांडताना पाहिलं, की आईबापांनी हे आधी ठरवलं असतं तर बरं झालं असतं असंच वाटायचं.

ड्रॉ

माझ्या कार्डावर ‘फॅमिली सर्व्हिस काउन्सेलर’ असं छापलेलं होतं. पगार नव्हता, ड्रॉ होता. दर दोन आठवड्यांनी कंपनी १,२०० डॉलर द्यायची, पण ती आगाऊ उचल होती. महिन्याच्या कमिशनमधून ती वळती व्हायची. कमिशन कमी पडलं तर फरक माझ्या नावे खाती पडायचा आणि पुढच्या महिन्यात माझ्याबरोबर यायचा. आपल्याकडे ऊसतोडणीला जाणारी जोडपी मुकादमाकडून उचल घेऊन हंगामात फेडतात, तसंच हे. गाडी माझी, पेट्रोल माझं, फोन माझा. कंपनीच्या ऑफिसाबाहेर जाऊन विक्री करणाऱ्यांना अमेरिकेच्या संघराज्य कायद्यातलं किमान वेतन आणि ओव्हरटाइम लागू होत नाही, हे मला रुजू झाल्यावर कळलं.

कमिशन जमिनीवर ८ टक्के, वस्तूंवर, म्हणजे व्हॉल्ट आणि शिळा यांवर, १० टक्के. जागा खणून पुन्हा बुजवण्याचे पैसे गिऱ्हाइकाने आगाऊ भरले तर त्यावर काही नाही. देखभाल निधीवरही नाही. आणि वर चार्जबॅक: बारा महिन्यांच्या आत गिऱ्हाइकाने करार मोडला किंवा हप्ते थकवले, तर दिलेलं कमिशन परत.

एलआयसीच्या माझ्या काळात दीर्घ मुदतीच्या पॉलिसीवर पहिल्या वर्षी मोठं कमिशन मिळायचं, पण त्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी साडेसात टक्के आणि पुढे पॉलिसी चालू असेपर्यंत पाच टक्के येत राहायचे. त्यामुळे मी सदाशिव पेठेतल्या जोशीकाकूंच्या घरी दरवर्षी हप्त्याच्या आठवणीला जायचे. तो माझा चांगुलपणा होता असं मी म्हणत नाही. ती पॉलिसी लॅप्स झाली तर माझंही तुटणार होतं, म्हणून जायचे. इथे सहीनंतर मला त्या माणसाशी बांधून ठेवणारं काहीच नव्हतं. बारा महिने त्याने हप्ते भरत राहावं एवढंच माझं हित, आणि भरत राहायला उत्तम उपाय म्हणजे त्याच्या कानावर नवं काही न पडणं.

मे २०१८ अखेर माझ्या नावे खाती ३,१४० डॉलर पडले होते.

त्याच सुमारास मॅनेजरने मला महाराष्ट्र मंडळाच्या सभासदांची यादी मागितली होती. ‘तुमच्या लोकांमध्ये अजून कुणी पोचलेलं नाही,’ तो म्हणाला. गणपतीत स्टॉल लावायचीही त्याची तयारी होती. यादी मी दिली नाही. आपल्या माणसांना मी एवढंच सांगत राहिले की टेक्सासात मृत्यूनंतर ४८ तासांच्या आत सहसा दहन करता येत नाही, त्यामुळे भारतातून येणाऱ्याने तिकिटासाठी जीव टाकू नये. हे सांगण्याला कमिशन नव्हतं. आपल्या माणसांसाठी मला ते सहज जमलं, आणि खाली जे सांगणार आहे ते परक्यांसाठी जमलं नाही. हे मला फार उशिरा दिसलं.

जेवणाच्या टेबलावर

अमेरिकेत मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डे असतो, युद्धात कामी आलेल्यांच्या स्मरणाचा दिवस. त्याच्या आधी कंपनीकडून आसपासच्या वसाहतींमध्ये एक पत्र जायचं. वर झेंडा, खाली ‘माजी सैनिक आणि त्यांच्या पत्नींसाठी दफनविषयक लाभ’. आत लिहिलेलं की माजी सैनिकाला आमच्या विशिष्ट विभागात एक जागा मोफत मिळू शकते, माहितीसाठी सोबतचं कार्ड भरून पाठवा. पत्रातला शब्दन्‌शब्द खरा होता. फक्त ते हातात धरलं की सरकारकडून आल्यासारखं वाटायचं. भरून आलेलं कार्ड म्हणजे लीड, संभाव्य गिऱ्हाईक. असं एक कार्ड माझ्या वाट्याला आलं.

घर विटांचं, बसकं. पुढे सेंट ऑगस्टीन गवत नुकतंच कापलेलं. आजोबा पंचाहत्तरीला टेकलेले, व्हिएतनाममध्ये सैन्याच्या गाड्या दुरुस्त करायचे. आजी त्यांच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. टेबलावर प्लास्टिकच्या पारदर्शक पिशवीत एक कागद काढून ठेवला होता, आजोबांनी तो दोन बोटांनी माझ्याकडे सरकवला. डीडी-२१४. सैन्यातून सन्मानाने बाहेर पडल्याचा दाखला. घड्यांवर पिवळा पडलेला, एका घडीवर पारदर्शक टेप लावलेली.

“हा लागेल ना, मॅम?”

“हो, लागेल,” मी म्हटलं. आमच्या मोफत जागेच्या योजनेसाठी तो लागायचाच.

आता तो कागद खरोखर काय होता ते सांगते. त्या एका कागदावर त्या दोघांनाही सरकारी राष्ट्रीय दफनभूमीत जागा मिळणार होती. जागा, ती खणून बुजवणं, काँक्रीटचं कवच, नावाची शिळा, कायमची देखभाल, यातल्या कशालाही एक पैसा नाही. पत्नी आधी गेली तरी तिचा हक्क तोच. फ्युनरल होमचा खर्च आणि शवपेटी तेवढी घरच्यांची. डॅलसच्या नैर्ऋत्येला माउंटन क्रीक तलावाकाठी अशी एक दफनभूमी २००० सालापासून चालू आहे, त्यांच्या घरापासून गाडीने पाऊण तासावर. २०१६ अखेरपासून तर हयातीतच अर्ज करून आपण पात्र आहोत की नाही याचा निर्णय मागून ठेवता येतो.

मला हे ठाऊक होतं. प्रशिक्षणाच्या जाड फायलीत ‘ऑब्जेक्शन’ या प्रकरणात त्यावर अर्धं पान होतं: गिऱ्हाइकाने राष्ट्रीय दफनभूमीचा विषय काढला तर सांगावं की ती लांब आहे, तिथे जागा निवडता येत नाही, शनिवार-रविवारी दफन होत नाही, आणि नवराबायको बहुधा एकाच खड्ड्यात एकावर एक असतात. हेही सगळं खरंच आहे. पण ते गिऱ्हाइकाने काढलं तरच बोलायचं. एका माणसाचा हक्क आमच्या फायलीत ‘अडचण’ या सदराखाली होता.

आजोबांनी तो विषय अर्धवट काढला. “सरकारकडून काहीतरी मिळतं म्हणे?”

मी म्हटलं, “हो. शवपेटीवर घालायला झेंडा मिळतो. आणि सैन्याची मानवंदना.”

झेंडा मिळतो, मानवंदनाही मिळते. नरो वा कुंजरो वा म्हणताना युधिष्ठिर किती वेळ थांबला असेल माहीत नाही, मी थांबलेच नाही. फायलीचं पान उलटलं आणि जागांचा नकाशा काढला.

नकाशा पाहताच आजी पुढे सरकल्या, कारण त्यांची आई आमच्याच दफनभूमीत होती. दर रविवारी चर्चमधून येताना त्या पाण्याची बाटली आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन तिथे जात. पट्टीवरची अक्षरं घासून गवताच्या कडा कात्रीने कापत. आईपासून तिसऱ्या रांगेत दोन लगतच्या जागा रिकाम्या होत्या. मी बोट ठेवलं आणि आजींनी माझ्या बोटाशेजारी आपलं बोट ठेवलं. त्या क्षणी विक्री झाली, बाकीचं लिहिणं उरलं. हे फार महत्त्वाचं आहे, कारण यानंतर जे जे मी विकलं ते त्या बोटाच्या जोरावर विकलं.

जागेची किंमत ४,८०० डॉलर. आजोबांची मोफत, आजींची विकत. दोन व्हॉल्ट, प्रत्येकी १,६००. दोघांच्या नावाची जोड-कांस्यपट्टी ग्रॅनाइटच्या बैठकीवर, ३,९००. खणून बुजवणं दोन वेळा, ३,०००. दोन्ही जागांचा देखभाल निधी, ९६०. जागा मोफत असली तरी हा द्यावा लागतो. एकूण १५,८६०. त्या महिन्यात बिनव्याजी हप्त्यांची योजना होती: सुरुवातीला १,५८६ आणि मग साठ महिने २३७ डॉलर ९० सेंट.

व्हॉल्ट कायद्याने लागत नाही. जमीन खचू नये म्हणून दफनभूमीचा नियम असतो, आणि तो प्रत्यक्ष वेळ आल्यावर घेतला तरी चालतो. आजोबांच्या नावाची शिळा खाजगी दफनभूमीतही सरकार विनामूल्य पुरवतं. तेही मी सांगितलं नाही. मोफत जागेसाठी फक्त आजींची जागा घेणं पुरेसं होतं, बाकीचा गठ्ठा मी ‘आजच्या भावात सगळं बांधून टाका, मुलांवर भार नको’ या वाक्यावर चढवला.

माझं कमिशन: जागेवर ३८४, व्हॉल्ट आणि पट्टी मिळून ७,१०० वर ७१०. एकूण १,०९४.

आजींनी पेकान पाय, म्हणजे तिथला एक गोड पदार्थ, कापून दिला. गाडीत बसल्यावर मी पहिलं काय केलं असेल तर फोनवर ३,१४० मधून १,०९४ वजा केले.

करारावर तीन कामकाजाच्या दिवसांत रद्द करायची मुभा ठळक छापलेली होती. मध्ये मेमोरियल डेची सुट्टी आल्याने ती मुदत आणखी लांबली. त्या दिवसांत मी रोज ठरवलं की फोन करून सांगावं. एकदा नंबरही लावला, उचलायच्या आत ठेवला. मुदत संपली त्या संध्याकाळी मला हलकं वाटलं, आणि ते हलकं वाटणंच मला नंतर सर्वांत जास्त लागलं.

पाच महिन्यांनी

ऑक्टोबरमध्ये आजोबांच्या एका जुन्या सोबत्याचं दफन झालं, त्याच तलावाकाठच्या राष्ट्रीय दफनभूमीत. तिथे त्याच्या बायकोशी बोलताना आजोबांना कळलं की तिला एकाही गोष्टीचं बिल आलेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला फोन केला. आवाज चढलेला नव्हता. करार रद्द करायला कुठे सही करायची एवढंच विचारलं.

तोवर त्यांनी २,७७५ डॉलर ५० सेंट भरले होते. आमच्या करारात जागेचा हक्क मुदतीनंतर परत करता येत नव्हता. न दिलेल्या वस्तू काढून टाकता येत होत्या. हप्ते थांबवले असते तर करार थकीत म्हणून बंद झाला असता, त्यांचे भरलेले पैसे अडकले असते आणि माझे १,०९४ परत गेले असते. ज्या गप्प बसण्याने मी ते कमावले, त्याच गप्प बसण्याने ते जाणार होते.

मी मॅनेजरकडे गेले. तो वाईट माणूस नव्हता हे मला इथे लिहायलाच हवं. त्याच्याही डोक्यावर शाखेचा आकडा होता, आणि तोही कधीकाळी माझ्यासारखा दारोदार फिरलेला. सगळं ऐकून तो म्हणाला, “त्यांनी विचारलं असतं आणि तू नाही म्हणाली असतीस तर ते खोटं. त्यांनी विचारलंच नाही.” मी म्हटलं, विचारलं होतं. मग तो बराच वेळ काही बोलला नाही. करार नव्याने लिहायचा अधिकार त्याच्याकडे होता. व्हॉल्ट, पट्टी आणि खणण्याचे पैसे काढून फक्त जागा आणि देखभाल निधी ठेवायचा, भरलेली रक्कम त्यात वळती करायची, असं त्याने मान्य केलं. म्हणजे ५,७६० चा करार, त्यातले २,७७५.५० भरलेले, बाकी २,९८४.५०. आणि माझ्या खात्यातून ७१० वजा.

हा पर्याय आजीआजोबांपुढे ठेवायला मी पुन्हा त्याच टेबलाशी गेले. यावेळी राष्ट्रीय दफनभूमीचा अर्ज, खाजगी जागेवर सरकारी शिळा मागण्याचा अर्ज आणि आमचा नवा करार असे तिन्ही कागद शेजारी शेजारी मांडले. आजोबांना आता सोबत्यांजवळ जायचं होतं. आजींना आईजवळ. माझ्यासमोर ते दोघं या विषयावर पहिल्यांदाच बोलत होते, मे महिन्यात मी तशी वेळच येऊ दिली नव्हती. पाऊण तास बोलले असतील. शेवटी आजोबा म्हणाले, “तू रविवारी ब्रश घेऊन पाऊण तास गाडी चालवणार नाहीस, आणि मी तिथे एकटा काय करू?” त्यांनी आमच्याच जागा ठेवल्या. आजोबांची शिळा सरकारकडून, व्हॉल्ट आणि खणण्याचा खर्च वेळ येईल तेव्हा मुलं बघतील, असं ठरलं.

यावर मॅनेजरचं म्हणणं असं की शेवटी जागा तीच राहिली, मग बिघडलं काय? कागदावर पाहिलं तर १०,१०० डॉलरचा बोजा उतरला, त्यातला बराचसा पुढे कधीतरी भरावाच लागेल, आणि तेव्हा भाव चढलेलेही असतील. हे मी नाकारत नाही. पण पेन्शनीवर जगणाऱ्या घराने साठ महिन्यांचं देणं अंगावर घ्यायचं की नाही, नवऱ्याने सोबत्यांजवळ झोपायचं की बायकोने आईजवळ, हा निर्णय त्यांचा होता. मे महिन्यात तो त्यांच्यासाठी मी घेतला होता, आणि तो घेताना माझ्या डोळ्यांपुढे ३,१४० हा आकडा होता.

हेच आकडे उलटे मांडून पाहिले तर एक गोष्ट मला चक्रावून टाकते. पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं असतं तर फार तर ३८४ मिळाले असते, कदाचित शून्य. न सांगितल्याने १,०९४ मिळाले, पाच महिने वापरले, आणि शेवटी हातात ३८४ च राहिले. कंपनीला दुसऱ्यांदा करार लिहावा लागला, एक चांगलं गिऱ्हाईक दुखावलं. यात कुणाचाच फायदा झाला नाही. तरीही मे महिन्यातल्या त्या संध्याकाळी, दर पंधरा दिवसांच्या उचलीवर घर चालवणाऱ्या बाईला, गप्प बसणंच शहाणपणाचं वाटत होतं. पैसे सहीला मिळतात आणि सेवा दहा-वीस वर्षांनी द्यायची असते, तेव्हा मधल्या सगळ्या वर्षांची जबाबदारी कुणाच्याच पगारात येत नाही.

ब्रिटनने याचा विचार केला. आगाऊ अंत्यविधी योजना २९ जुलै २०२२ पासून तिथल्या वित्तीय नियामकाखाली आल्या, आणि त्याच वेळी अनाहूत फोन करून त्या विकणं आणि मध्यस्थाला त्यावर कमिशन देणं या दोन्हींवर बंदी आली. त्याच वर्षी मार्चमध्ये तिथली सेफ हँड्स ही योजना चालवणारी कंपनी कोसळली होती आणि सुमारे ४६ हजार लोकांचे पैसे अडकले होते. अमेरिकेत १९८४ पासून संघराज्य व्यापार आयोगाचा फ्युनरल रूल आहे. मागितल्यावर छापील दरपत्रक हातात द्यावं लागतं, फोनवरही भाव सांगावे लागतात, बाहेरून आणलेली शवपेटी नाकारता येत नाही. नियम चांगला आहे, पण निव्वळ दफनभूमी चालवणाऱ्याला तो लागू नाही, आणि विक्रेत्याला पैसे कसे द्यायचे याबद्दल त्यात काही नाही. आगाऊ भरलेल्यातले किती पैसे ट्रस्टमध्ये ठेवायचे हे प्रत्येक राज्य वेगळं ठरवतं. न्यूयॉर्कमध्ये अंत्यविधीसाठी घेतलेले सगळेच्या सगळे ठेवावे लागतात.

कमिशन सरसकट बंद करावं असं मला वाटत नाही. बंद झालं तर मेडिकेडवाल्या त्या दोन कुटुंबांच्या दारी कोण गेलं असतं? पण तीन गोष्टी मी त्या मॅनेजरला लिहून दिल्या होत्या. उचल कर्ज म्हणून न धरता पहिल्या सहा महिन्यांसाठी साधा पगार द्यावा. कमिशनचा अर्धा भाग सहीला आणि उरलेला दोन वर्षांत हप्त्याहप्त्याने द्यावा, म्हणजे विक्रेता गिऱ्हाइकाच्या संपर्कात राहील. आणि डीडी-२१४ टेबलावर आला की राष्ट्रीय दफनभूमीची माहिती असलेला एक कागद आधी वाचून दाखवून त्यावर गिऱ्हाइकाची सही घ्यावी. तिसरी सूचना त्याने वरिष्ठांकडे पाठवली. उत्तर आलं नाही.

त्यानंतर मी माझ्यापुरता तो कागद तयार करून घेतला आणि प्रत्येक घरी पहिला तोच काढला. माजी सैनिकांच्या घरची माझी विक्री निम्म्याहून खाली गेली. काही जण तरी घेत. चर्च जवळ आहे म्हणून, शनिवारीच सगळे जमतात म्हणून, शेजारी शेजारीच झोपायचं आहे म्हणून. त्यांच्यातला एकही करार मी असेपर्यंत मोडला नाही. पण तेवढ्यावर उचल फिटत नव्हती. २०१९ च्या मार्चमध्ये काम सोडलं तेव्हा माझ्या नावे २,३०० डॉलर बाकी निघत होते. कंपनीने ते मागितले नाहीत, शेवटचं कमिशन तेवढं त्यात वळतं केलं.

ऑक्टोबरच्या त्या दिवशी नव्या करारावर सह्या झाल्यावर आजोबा डीडी-२१४ ची प्रत काढायला आतल्या खोलीत गेले. आजींनी टेबलावरचे कागद एकसारखे केले आणि खाली बघूनच विचारलं, “हनी, तुला मे महिन्यात हे माहीत होतं का?”

“हो,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मग करार उचलून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, “पाचव्या पानावर माझ्या आईच्या नावात एक अक्षर चुकलंय. ते दुरुस्त कर.”